करणारा आणि सांगणारा

१

विज्ञान आणि कला यांची फारकत झाली असून ती मिटवली पाहिजे, असे गेली काही दशके जगातील मोठमोठी संग्रहालये सांगत आहेत. त्यासाठी ती प्रदर्शने भरवतात, व्याख्याने योजतात, शास्त्रज्ञ आणि चित्रकार यांना एका व्यासपीठावर बसवतात. आपल्याकडील पांढरपेशा वर्गात या उपक्रमांचे कौतुकही होते. कौतुक करण्यासारखे त्यांत काहीच नाही, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. परंतु ही फारकत कोणाची, ती कोणी केली आणि ती मिटवण्यासाठी बोलावणे कोणाकोणाला गेले, हे प्रश्न या कौतुकात कोणी विचारत नाही. ते विचारणे एवढेच या लेखाचे प्रयोजन आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : विज्ञान आणि कला या दोहोंच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा आहे. तो हाताने वस्तू घडवतो. त्याच्या कामात पदार्थांचे ज्ञान असते आणि रूपाची जाणही असते. संग्रहालयांच्या या मेळाव्यांत त्याला एक तर गाळले जाते, नाहीतर नमुना म्हणून मांडले जाते. सांगणारा म्हणून मात्र त्याला बसवले जात नाही. हे जोवर बदलत नाही तोवर विज्ञान आणि कला यांचा मेळ म्हणजे एकाच माडीवरच्या दोन बिऱ्हाडांचा समेट होय. तळघरात राहणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

या चर्चेला 'दोन संस्कृती' हे नाव मिळाले ते सी. पी. स्नो यांच्या १९५९ सालच्या केंब्रिज येथील व्याख्यानामुळे. स्नो हे विज्ञानाचे शिक्षण घेतलेले कादंबरीकार. साहित्यिकांना उष्णतागतिकीचा दुसरा नियम ठाऊक नसतो आणि शास्त्रज्ञांना डिकन्स पेलत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्याच व्याख्यानात त्यांनी श्रीमंत आणि गरीब देशांमधील दरीचा प्रश्नही मांडला होता. परंतु पुढे सगळीकडे उगाळली गेली ती पहिलीच तक्रार. तिच्यातील दोन्ही पक्ष एकाच विद्यापीठाच्या पंगतीला बसणारे आहेत. प्रयोगशाळेची काच फुंकणारा, पुस्तकाचे खिळे जुळवणारा, भिंती बांधणारा यांची संस्कृती त्या मोजणीत तिसरी म्हणूनही धरलेली नाही.

हा प्रश्न केवळ इंग्लंडचा आहे असे समजून आपण सुटू शकत नाही. आपल्या महाविद्यालयांत 'कला शाखा' आणि 'विज्ञान शाखा' अशा दोन पाट्या आहेत. पण आपल्या वस्तीतल्या मुलाला विचारा. दहावीनंतर त्याच्यापुढे तीन वाटा असतात : आर्ट्स, सायन्स आणि आयटीआय. ज्याला मार्क कमी, ज्याच्या घरी पैसा नाही, त्याला वडीलधारी माणसे सांगतात, "फिटर हो, वेल्डर हो, लवकर हाताला काम लागेल." मी ज्यांना शिकवतो त्यांतील कित्येकांचे थोरले भाऊ आयटीआयला गेले म्हणून धाकटे माझ्यासमोर बाकावर बसू शकले. शाखा तीन आहेत हे आपल्या घराला ठाऊक आहे. दोनच आहेत असे मानून त्यांच्यातील पुलाची चिंता करणे ज्यांना परवडते, त्यांची ती चिंता आहे.

२

आता ज्या शहरात या पुलाची भाषा सर्वांत थाटाने बोलली जाते त्या लंडनचे उदाहरण घेऊ. १८५१ सालच्या महाप्रदर्शनानंतर ब्रिटिश सरकारने १८५३ मध्ये एक खाते उभारले. त्याचे नावच होते 'विज्ञान आणि कला खाते'. १८५७ साली साउथ केन्सिंग्टन येथे या खात्याचे संग्रहालय सुरू झाले. यंत्रे, नक्षीची भांडी, कापड, चित्रे असे सारे एकाच संस्थेखाली नांदत होते. हेतू उघड होता : इंग्रज कारखान्यांचा माल जगाच्या बाजारात सुबक दिसावा आणि स्वस्त पडावा. १८९९ मध्ये या संस्थेला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट हे नाव मिळाले आणि १९०९ मध्ये विज्ञानाचा संग्रह वेगळा होऊन सायन्स म्युझियम ही स्वतंत्र संस्था झाली. आज या दोन संग्रहालयांच्या मध्ये एक रस्ता आहे. त्याचे नाव एक्झिबिशन रोड. म्हणजे जी फारकत निसर्गाने केली असे भासवले जाते, ती प्रशासनाच्या सोयीने केलेली आहे आणि तिला सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत.

याच सायन्स म्युझियमने २०१७ च्या ऑक्टोबरात भारतीय स्वातंत्र्याच्या सत्तर वर्षांच्या निमित्ताने 'इल्युमिनेटिंग इंडिया' हा महोत्सव भरवला. तो २०१८ पर्यंत चालला. त्यात मुख्य प्रदर्शने दोन. एक भारतातील पाच हजार वर्षांच्या विज्ञानाचे आणि नवनिर्मितीचे. दुसरे १८५७ ते २०१७ या काळातील भारतातील छायाचित्रणाचे. एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला कला, आणि दोन्ही एका छपराखाली. हेतू चांगला होता. भारत म्हणजे साप आणि साधू ही समजूत मोडण्याचा तो प्रयत्न होता आणि ती मोडलीच पाहिजे. परंतु या मांडणीचा साचा पाहा. एक प्रदर्शन विचारते, शोध कोणी लावला? दुसरे विचारते, छायाचित्र कोणी घेतले? घडवले कोणी, वाहिले कोणी, खणले कोणी, हे विचारणारे तिसरे प्रदर्शन त्या साच्यात बसत नाही.

विज्ञानाच्या प्रदर्शनाचे मोठे आकर्षण होते बख्शाली हस्तलिखित. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने २०१७ मध्येच कार्बन चाचणीवरून जाहीर केले की त्याची काही पाने तिसऱ्या-चौथ्या शतकाइतकी जुनी आहेत, आणि त्यातील शून्याचा ठिपका जगभर गाजला. या कालनिर्णयाला गणिताच्या इतिहासकारांनी लगेच आक्षेपही घेतले. तो वाद आपण तज्ज्ञांवर सोपवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हे भूर्जपत्र १८८१ साली पेशावरजवळच्या बख्शाली गावात एका शेतकऱ्याच्या खणण्यातून वर आले. पुढे त्याचे वाचन, संपादन, कालनिर्णय झाले आणि त्या प्रत्येक टप्प्याला एकेका विद्वानाचे नाव मिळाले. खणणाऱ्याच्या वाट्याला त्याच्या गावाचे नाव आले, एवढेच.

छायाचित्रांचे प्रदर्शन १८५७ पासून सुरू होते. त्या बंडाची जी चित्रे जगाने पाहिली त्यांत फेलिस बिआटो याने १८५८ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत घेतलेले चित्र सर्वांत प्रसिद्ध. मोडकी इमारत आणि अंगणात विखुरलेली मेलेल्या शिपायांची हाडे. छायाचित्र म्हणजे रसायन आणि दृष्टी यांचा संयोग. विज्ञान आणि कला यांच्या मेळाचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही. आणि हा मेळ कशासाठी झाला? जिंकलेल्यांचा विजय टिपण्यासाठी. त्याच सिकंदरबागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये झाडावर चढून इंग्रज सैनिक टिपणाऱ्या उदादेवीची आठवण पासी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. तिच्याकडे ना कॅमेरा होता, ना तिच्या जातीकडे इतिहास लिहिण्याचा अधिकार. आज सिकंदरबागेत तिचा पुतळा आहे तो तिच्या समाजाच्या स्मरणामुळे. बिआटोच्या चित्रावर बोलायला छायाचित्रणाचा अभ्यासक येईल, रसायनाचा जाणकार येईल. त्या दोघांच्या शेजारी ही आठवण सांगणाऱ्या पासी बाईची खुर्ची ठेवण्याचे कोणाला सुचेल काय?

३

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विज्ञान आणि कला यांचा संग्रहालयात मेळ घालणे चांगलेच असते, असे गृहीत धरले जाते. पण आपल्या पूर्वजांना हा मेळ चांगलाच ठाऊक आहे. तो त्यांच्या अंगावर घातला गेला होता.

१८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. प्रत्येक चित्राखाली जात, धंदा आणि त्या जातीचा स्वभाव. कोणती जात राजनिष्ठ, कोणती चोर, हे तेथे शास्त्राच्या भाषेत सांगितले आहे. एडगर थर्स्टन हा १८८५ पासून मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचा प्रमुख. त्याने संग्रहालयातच माणसांची नाके, कवट्या, उंच्या मोजल्या आणि विद्यार्थ्यांना, पोलिसांना त्याची प्रात्यक्षिके दाखवली. १९०९ साली त्याचे दक्षिण भारतातील जातीजमातींवरचे सात खंड प्रसिद्ध झाले. मापनयंत्र आणि कॅमेरा, शास्त्र आणि चित्र हातात हात घालून चालत होते, आणि मोजला जाणारा माणूस गप्प उभा होता.

या मोजमापांचे उत्तर कोणी दिले? रिस्ले आणि त्याच्या परंपरेने नाकाच्या मापावरून वर्णाची पायरी ठरवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील ग्रंथात हीच मोजमापे हाती घेतली, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे आकडे शेजारी मांडले आणि दाखवले की वंशभेदाचा सिद्धांत या आकड्यांवर उभा राहू शकत नाही. हा प्रसंग आपण केवळ विद्वत्तेचा विजय म्हणून वाचतो. मला त्यात आणखी काही दिसते. ज्याचे नाक मोजले जात होते तो उठून मोजपट्टी वाचू लागला. नमुना सांगणारा झाला. संग्रहालयातील सत्तेची जी मांडणी असते ती त्या क्षणी उलटली. विज्ञान-कला मेळाव्याचे मूल्यमापन करण्यासाठी याहून चांगला निकष मला दिसत नाही.

म्हणूनच "कारागिराला दाखवा, म्हणजे झाले" हे उत्तर पुरेसे नाही. कारागीर दाखवला गेलेला आहे. १८८६ साली साउथ केन्सिंग्टन येथेच वसाहती आणि हिंदुस्थान यांचे भव्य प्रदर्शन भरले. तेथे गालिचे विणणारे, मडकी घडवणारे खरेखुरे हिंदी कारागीर कामाला बसवले होते. लंडनचे लोक त्यांच्याभोवती गर्दी करत. हे कारागीर आले होते आग्र्याच्या तुरुंगातून. तेथे कैद्यांना कारागिरी शिकवली जाई. त्यांच्यातील बक्षीराम कुंभाराचे वय शंभराच्या वर सांगितले जाई. व्हिक्टोरिया राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांची चित्रे काढवून घेतली आणि ती आजही राजघराण्याच्या संग्रहात आहेत. हात दिसत होता, चेहरा दिसत होता, नावही टिकले. पण मडके का तडकते, माती कशी ओळखावी, हे बक्षीरामाला विचारून त्याचे उत्तर शास्त्र म्हणून कोणी नोंदवले नाही. तो प्रेक्षणीय होता, श्रवणीय नव्हता.

मुंबईचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ साली सर्वांसाठी खुले झाले तेही व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट याच नावाने, आणि देशातील कच्चा माल व कारागिरी एकत्र मांडण्याच्या त्याच विचारातून. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. भाऊ दाजी स्वतः डॉक्टर होते आणि शिलालेख वाचणारे संशोधकही होते. दोन ज्ञानशाखा एका माणसात नांदण्याचे ते उत्तम उदाहरण. याच संग्रहालयात मुंबईतील निरनिराळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. मूर्तिकाम म्हणून त्या सुबक आहेत. पण त्या मातीच्या माणसांपैकी एकानेही स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही. हे संग्रहालय उघडले त्यानंतरच्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. एकीकडे शूद्रातिशूद्र काचेच्या कपाटाच्या वाटेवर होता, दुसरीकडे तो बोलू लागला होता. आपली परंपरा या दुसऱ्या घटनेपासून सुरू होते.

४

विज्ञान आणि कला यांच्या मेळाचे भारतीय उदाहरण म्हणून मृदंग आणि तबला यांचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो योग्यच आहे. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर मूळ नादाबरोबर जे उपनाद निघतात ते पूर्ण पटीत नसतात. मूळ नाद १ धरला तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे येतात. म्हणून ढोलातून आवाज निघतो, पण स्वर नीट ठरत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात एका सहकाऱ्यासह टिपण लिहून आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर निबंधातून दाखवले की आपल्या वाद्यांच्या पुडीवर मध्यभागी जी शाई असते, तिच्या भारामुळे हे उपनाद जवळजवळ पूर्ण पटीत येतात. नऊ प्रकारची कंपने पाच सुसंवादी नादांत गोळा होतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही अपूर्व गोष्ट आहे. जगभरचे ध्वनिशास्त्रज्ञ रामन यांचा हा निबंध आजही वाचतात.

आता विचारू या, ही शाई कोण लावतो? काळी पूड आणि शिजवलेला भात यांची लुकण बनवायची, बोटाने पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर द्यायचा. किती थर झाले की थांबायचे, हे कानाने ठरवायचे. त्याआधी कातडे निवडायचे. मृदंगाला गाय, म्हैस आणि शेळी या तिघींचे कातडे लागते आणि प्रत्येकीचे काम वेगळे. ते मेलेल्या जनावरावरून उतरवायचे, धुवायचे, खरवडायचे. हे करणारी माणसे कोण, हे कर्नाटक संगीताच्या सभागृहांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नव्हते. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहून ते मांडले. मृदंग घडवणाऱ्या अनेक पिढ्या दलित ख्रिस्ती घरांतल्या आहेत. वादक ब्राह्मण, वाद्य दलिताच्या हातचे, आणि मधले कातडे दोघांनाही जोडणारे व दोघांत अंतर राखणारे. त्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राने दिलेली सभागृहाची परवानगी जानेवारी २०२० मध्ये मागे घेतली, ही घटना तर सर्वश्रुतच आहे. मृदंगाचा ध्वनी सभागृहाला चालतो. त्याच्या कातड्याची हकीकत चालत नाही.

रामन यांच्या थोरवीला मी उणेपणा आणत नाही. त्यांनी नियम सांगितला, तो खराच आहे. माझा मुद्दा इतकाच, की ज्या हाताने तो नियम आधी वापरला त्याला आपण 'परंपरा' म्हणतो आणि ज्याने तो नंतर लिहिला त्याला 'विज्ञान' म्हणतो. वाजवणाऱ्याला 'कलावंत' म्हणतो. करणाऱ्याला काय म्हणतो? त्याची जात म्हणतो.

माझे आजोबा जत्रेत हलगी वाजवत. वाजवण्याआधी ती पाचटाच्या जाळावर शेकत आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून ऐकत. कातड्यातला ओलावा गेला की ताण वाढतो आणि नाद चढतो, हे मी पुढे अकरावीच्या पुस्तकात वाचले. पुस्तकातल्या आकृतीत ताणलेली तार होती, हलगी नव्हती. आमच्या वर्गात सरांनी तो धडा उत्तम शिकवला. परंतु ज्याचे आजोबा हेच काम करतात असा मुलगा समोर बसला आहे, तेव्हा त्याला दोन वाक्ये बोलायला सांगावे, असे त्या व्यवस्थेत कोणालाच सुचणे शक्य नव्हते. मलाही बोलावेसे वाटले नसते. हलगी म्हणताच वर्गाला आमची आळी आठवली असती. ज्ञान असूनही ते सांगता न येणे, सांगितले तर ज्ञानाऐवजी जात उघडी पडणे, ही आपली खरी फारकत आहे. विज्ञान आणि कला यांच्यातील दरीपेक्षा ती कितीतरी खोल आहे.

५

मग असे मेळावे निरुपयोगीच म्हणायचे काय? तसे नाही. एक उदाहरण विचार करण्यासारखे आहे. अमेरिकेतील फ्रँक ओपेनहायमर हे भौतिकशास्त्रज्ञ. पूर्वीच्या कम्युनिस्ट संबंधांमुळे १९४९ मध्ये त्यांची विद्यापीठातील नोकरी गेली. पुढे दहाएक वर्षे त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली, गावच्या शाळेत शिकवले. १९६५ मध्ये त्यांनी युरोपातील संग्रहालयांचा अभ्यास केला. त्यात साउथ केन्सिंग्टनचे सायन्स म्युझियमही होते. आणि १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी एक्सप्लोरेटोरियम सुरू केले. सुरुवातीलाच तेथे लंडनहून आलेले संगणक आणि कला यांचे प्रदर्शन मांडले गेले. पुढे १९७४ पासून कलावंतांना तेथे राहून काम करण्याची सोय झाली. पण माझ्या मते या संग्रहालयाची महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. तेथील कारखाना, म्हणजे लेथ, करवत, वेल्डिंगची जागा, प्रेक्षकांच्या नजरेसमोर उघडी ठेवलेली होती. प्रयोग कसा बनतो, बिघडतो, दुरुस्त होतो, हे येणाऱ्याला दिसे. आणि प्रेक्षकांना समजावून सांगण्याचे काम शाळकरी मुलामुलींना पगार देऊन सोपवले होते. त्यांना नावच होते 'एक्सप्लेनर', म्हणजे सांगणारे.

हे दोन निर्णय मला क्रांतिकारक वाटतात. करणे झाकायचे नाही, आणि सांगण्याचा अधिकार पदवीशी बांधायचा नाही. परंतु ही रीत जशीच्या तशी उचलून आपल्याकडे चालणार नाही, हेही ओळखले पाहिजे. लेथवर काम करणाऱ्याच्या सावलीचा तेथे विटाळ नव्हता. आपल्याकडे काम आणि जात यांची गाठ जन्माने मारलेली आहे. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'च्या न झालेल्या भाषणात मांडले. म्हणून आपल्या संग्रहालयात नुसता कारखाना उघडा ठेवला तर १८८६ च्या प्रदर्शनाची पुनरावृत्ती होईल. सवर्ण कुटुंबे मुलांना घेऊन येतील, चांभाराला रापी चालवताना पाहतील, फोटो काढतील आणि जातील.

येथे आपल्याच चळवळीतून एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेले जनावर ओढू नका, मृतमांस खाऊ नका, हीन कामे टाका, असा आदेश दिला. आपल्या बापजाद्यांनी उपासमार सोसून ती कामे टाकली. आता त्याच कातड्याचा गौरव संग्रहालयात करायचा, म्हणजे ज्या चिखलातून आलो तो परत कपाळाला लावायचा काय? ग्रामीण कारागिरीच्या गौरवाखाली माणसाला बापाच्या धंद्यात कायम बसवण्याचा डाव आपण पूर्वीही पाहिला आहे. त्यामुळे हा संशय रास्त आहे.

माझे उत्तर असे आहे. धंदा सोडणे आणि त्यातले ज्ञान दुसऱ्याच्या खात्यावर जमा होऊ देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आपण केली, ती योग्यच केली आणि ती पुरी झाली पाहिजे. दुसरी मात्र नकळत झाली. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडे पिकवण्याचे रसायन ढोरांनी जाणले. त्याची प्रशंसा करायची वेळ आली की 'प्राचीन भारतीयांचे ज्ञान' असे नाव त्याला मिळते आणि ढोर पुन्हा गावाबाहेरच राहतो. जे जगण्यातून गेले पाहिजे पण स्मृतीतून आणि शास्त्रातून जाऊ नये, अशा गोष्टींसाठीच तर संग्रहालय असते. राजांच्या तलवारी तेथे ठेवल्या म्हणून कोणी लढाईला निघत नाही. आरी आणि रापी तेथे ठेवली म्हणून आपल्या मुलाने ती उचलायची नाही. मात्र ती कशासाठी होती, तिच्यात कोणती बुद्धी होती आणि ती धरणाऱ्याला काय सोसावे लागले, हे सांगायचे, आणि ते आपण सांगायचे.

म्हणून विज्ञान-कला मेळावा भरवणाऱ्या कोणत्याही संस्थेला, मग ती लंडनची असो की मुंबईची, मला चार प्रश्न विचारावेसे वाटतात. मांडलेल्या वस्तूखाली संशोधक आणि कलावंत यांच्याइतक्याच ठळकपणे करणाऱ्याचे नाव आहे काय? तो हयात असेल तर व्याख्यात्याच्या खुर्चीवर, व्याख्यात्याच्या मानधनावर त्याला बसवले आहे काय? त्या कामाबरोबर आलेली अस्पृश्यता, रोग, कर्ज हे सारे त्या वस्तूच्या माहितीत लिहिले आहे, की फक्त सौंदर्य लिहिले आहे? आणि काय मांडायचे, काय नाही, हे ठरवणाऱ्या समितीत त्या समाजातील शिकलेल्या माणसाला मत आहे काय? या चारांपैकी चौथा प्रश्न निर्णायक आहे. पहिले तीन दयेनेही मिळू शकतात, चौथा दयेने मिळत नाही.

आणि एक प्रश्न आपल्यालाही. आपल्या कथा-कवितांनी गावकुसाबाहेरची भूक, अपमान, चीड हे सारे मराठीत आणले. त्याने मराठी साहित्याची सीमा रुंदावली. परंतु आपल्या बापजाद्यांच्या हातांतले ज्ञान आपण कितीसे लिहिले? आपल्या आत्मकथनांत कातडे सोलण्याची दुर्गंधी आहे आणि ती असलीच पाहिजे. ते पिकवण्याचे शास्त्र मात्र ओझरते येते. आपल्या वस्त्यांत ते जाणणारी शेवटची पिढी आता म्हातारी झाली आहे. रसायनशास्त्र शिकवणारे, भौतिकशास्त्र शिकवणारे आपले प्राध्यापक आज खेडोपाडीच्या महाविद्यालयांत आहेत. त्यांनी आपापल्या गावच्या म्हाताऱ्यांपुढे वही घेऊन बसावे, विचारावे, मोजावे, त्यांच्या नावानिशी छापावे. ते छापायला या पानांत जागा मिळावी. हे काम झाले तर संग्रहालयांना आपल्याकडे यावे लागेल. झाले नाही तर तीच संग्रहालये उद्या आपल्या आजोबांच्या मातीच्या प्रतिमा करतील, त्यांच्याखाली कोणीतरी भलताच माणूस दोन ओळी लिहील, आणि आपण तिकीट काढून त्या वाचू.